पाणी, अग्नी आणि माणूस



जगातील सर्व वस्तू मुळात कशापासून झाल्या, हा प्रश्न इ. स. पूर्व सहाव्या शतकात मिलेटस या ग्रीक बंदरातील थेलीसने विचारला. त्याचे उत्तर होते : पाणी. बी. ए.ला हे शिकताना वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. ज्याच्या बापजाद्यांना पाणवठ्याला शिवण्याची बंदी होती, त्याला ‘सारे पाणीच’ हे शब्द निराळे ऐकू येतात. २० मार्च १९२७ रोजी पूज्य बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, आणि सनातन्यांनी पंचगव्य ओतून ते तळे ‘शुद्ध’ केले. पाणी बाटते म्हणजे काय होते, हे थेलीसला कोणी समजावू शकले असते काय?

त्याचा मोठेपणा उत्तरात नाही. सृष्टीचा उलगडा करताना त्याने देवांच्या कथा बाजूला ठेवल्या. त्याच्याच गावच्या ॲनाक्झिमँडरने त्याचे उत्तर खोडले. मूळ तत्त्व पाणी नव्हे, अमर्याद असे काही आहे, असे म्हटले. गुरुवाक्य प्रमाण मानणाऱ्या देशात वाढलेल्या माणसाला याचे अप्रूप वाटतेच. पुढे इफेससच्या हेराक्लायटसने अग्नीला मान दिला.

पण मालक पाण्याचा आणि गुलामही पाण्याचाच, मग एकाने दुसऱ्याला विकत कसे घ्यावे, हे या थोरांनी विचारल्याचे आढळत नाही. पुढे ॲरिस्टॉटलने तर गुलामगिरी निसर्गसिद्धच ठरविली! सृष्टीचे ऐक्य कळले म्हणजे माणसांची समता कळते, असे मुळीच नाही.

मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्त मला म्हणून मोलाचे वाटते. त्यात भगवान बुद्ध विचारतात : योन आणि कंबोज देशांत आर्य व दास असे दोनच वर्ण आहेत, आर्याचा दास होतो, दासाचा आर्य होतो, हे तू ऐकले आहेस ना? ‘योन’ हा शब्द आयोनियावरून आला, आणि मिलेटस त्याच आयोनियातले. जे ग्रीकांच्या घरी रोज घडत होते, त्यावरून तथागतांनी वर्ण जन्माने ठरत नाही हे दाखविले. तेथेच अग्नीही येतो. ब्राह्मणाने चंदनाच्या लाकडाने पेटविला आणि चांडाळाने कुत्र्याच्या द्रोणीच्या लाकडाने पेटविला, तर दुसऱ्या अग्नीला ज्योत, वर्ण, प्रकाश नसतो काय? सोळा वर्षांच्या अस्सलायनाला दोन्ही अग्नी सारखेच, हे कबूल करावे लागले.

भिवंडीच्या माझ्या वर्गात यंत्रमाग कामगारांची मुले पुष्कळ. हे सुत्त सांगितले तेव्हा एक मुलगा म्हणाला, “सर, आर्य दास झाला, दास आर्य झाला, तरी कोणीतरी दास राहिलाच की!” मी त्याला अंगुत्तर निकायातील वणिज्ज सुत्त वाचून दाखविले. उपासकाने करू नयेत अशा पाच व्यापारांत सत्तवणिज्जा आहे, आणि अट्ठकथेत त्याचा अर्थ माणसांची विक्री असा दिला आहे. त्याने ते वहीत उतरवून घेतले आणि विचारले, “आणि विकत घेणाऱ्याचे काय, सर?”