हा कोणाचा?

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात पाच वर्षे एक तांबूस कुत्रा राहत होता. प्रार्थनेची घंटा झाली की तो उठून बाजूला होई. मधल्या सुट्टीत मुलांच्या डब्यांभोवती फिरे. मुले त्याला 'शिपाय' म्हणत. त्याच्या कानाला खाच होती. नसबंदी आणि रेबीजची लस झाल्याची ती खूण. तो सगळ्यांचा आहे, असे आम्ही कौतुकाने सांगत असू.

7 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की शाळा, इस्पितळे, बसस्थानके यांच्या आवारातील भटकी कुत्री निवाऱ्यात हलवावीत आणि पुन्हा तेथे सोडू नयेत. एरवीच्या नियमाप्रमाणे नसबंदी व लसीकरण झालेला कुत्रा पूर्वीच्याच जागी सोडला जाई. मी आदेशाला दोष देत नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस सहसा वाचत नाही, आणि या रोगाच्या बळींत लहान मुले फार असतात. वर्षानुवर्षे वाडोवाडी लसीकरण झाले, तेव्हा कुठे 2021 मध्ये गोवा 'रेबीज-नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झाला. ज्याच्या हवाली लोक आपली मुले करतात, त्याने केवळ जिव्हाळ्यावर निर्णय घेऊ नयेत. मी पत्रावर सही केली.

गाडी आली. न्यायला आलेल्या माणसाने सहज विचारले, "हो कोणाचो?" अंगणात मुले होती, शिक्षक होते, मी होतो. कोणीच बोलले नाही. 'सगळ्यांचा' या शब्दाचा अर्थ मला त्या क्षणी कळला.

दुपारी सहावीतली एक मुलगी केबिनच्या दाराशी आली. "सर, आपण त्याला रोज खाऊ घालत होतो, मग तो आपला नव्हता?" इतकी वर्षे शिकवून मला उत्तर देता आले नाही.

भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण मुलांना शिकवतो. ती करुणा थोरच. पण आपण सामान्य माणसे त्यातली वाटी तेवढी उचलतो आणि घरी परततो. मला आता धर्मराज अधिक जवळचा वाटतो. कुत्रा त्याने निवडला नव्हता. तो आपणहून मागे आला होता. पण जो विश्वासाने सोबत चालला, त्याला दाराबाहेर ठेवून स्वर्गात जायला धर्मराजाने नकार दिला. दया क्षणाची असते. आपलेपणाला मात्र उद्याही हजर राहावे लागते.

घरी विषय काढला. पत्नी म्हणाली, "कुत्रा बारा-तेरा वर्षे जगतो. तुम्ही निवृत्तीला आलात. हिशेब केलात?" तिचा प्रश्न रास्त होता. महिन्याभराने आम्ही दोघेही निवाऱ्यात गेलो.

तिथल्या बाईंनी माझा हुद्दा विचारला नाही. रात्री घरी कोण असते, पावसात तो कुठे झोपेल, परगावी गेलात तर कोण बघेल, दरवर्षीची लस लक्षात राहील का, एवढेच विचारले. "पिल्ले लगेच जातात," त्या म्हणाल्या, "वय झालेली राहतात." शिपाय कोपऱ्यात होता, हाक मारताच उठला. पण उठला तो एकटाच नव्हता. जाळीमागचे सगळेच पुढे आले. एकाला आपला म्हणताना बाकीच्यांना नाही म्हणावे लागते, याचे दुःख कोणत्याही पुण्याने फिटत नाही. ते मी सोबत घेऊन आलो.

आता आमच्या कारापूरच्या घरी पोरसात त्याची जागा ठरली आहे. रोपे उकरतो, रात्री भुंकतो. शेजाऱ्यांची बोलणी मी खातो. परवा वाटेत एका अनोळखी गृहस्थाने विचारले, "हो कोणाचो?"

"माझा," मी म्हणालो. आणि त्या मुलीला द्यायचे उत्तर सापडले. खाऊ घातल्याने कोणी आपला होत नाही, बाळ. कोणी विचारल्यावर 'माझा' म्हणावे लागते.