उदासीची चौकशी

मेंदूच्या आवरणाला येणारी गाठ, मेनिंजिओमा, बहुतेक वेळा कर्करोगाची नसते आणि सावकाश वाढते. बायकांमध्ये ती जास्त आढळते. मुंबईहून रिपोर्ट घेऊन डहाणू लोकलने परतताना घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पेशंट मात्र गप्पच राहिला, तर त्याच्यावर वैतागतात: साधी गाठ आहे म्हणाले ना डॉक्टर, मग आता कसलं टेन्शन? त्या गप्प राहण्याची चौकशी कोणी करत नाही, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे.

कपाळामागच्या भागावर गाठीचा दाब आला, तर माणूस नुसता निरुत्साही होऊ शकतो. आंघोळ, जेवण, गप्पा, कशातच लक्ष नाही. नाकाच्या मुळाशी वाढणाऱ्या गाठीत वासही जातो. पण बोईसर-तारापूरमध्ये हे कोणाच्या ध्यानात येणार? एमआयडीसीतल्या रसायनांच्या उग्र दर्पाला कंटाळलेल्या माणसाला वास न येणं सुखाचंच वाटेल! सातपाटीत वाळत घातलेल्या बोंबलांचा वास जाणवेनासा झाला, तर सवय झाली म्हणतील. मग नैराश्याच्या गोळ्या चालू राहतात आणि एमआरआय राहून जातो.

गाठ सापडल्यावर आलेलं नैराश्यही तितकंच खरं. त्यात औषधांची भर पडते. सूज उतरवणारं डेक्सामेथासोन झोप आणि मूड बिघडवतं, फिट्सवरचं लेव्हेटिरासेटाम काहींना चिडचिडं किंवा खिन्न करतं. नैराश्याची गोळीही विचार करूनच निवडावी लागते. बुप्रोपिऑनने फिट येण्याचा धोका वाढतो, म्हणून ते सहसा टाळतात. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम बहुधा चालतात; पण त्यांनी सोडियम उतरू शकतं, रक्तस्रावाचा धोकाही थोडा वाढतो, म्हणून ऑपरेशनआधी सर्जनला ते ठाऊक हवं. गंमत म्हणजे, मेंदूच्या गाठीच्या पेशंटच्या नैराश्यावर या गोळ्या किती उपयोगी, हे तपासणारी एकही नीट चाचणी वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२०च्या आढाव्याला सापडली नाही. डॉक्टर देतात ते इतर पेशंटांच्या अनुभवावरून. म्हणून गोळ्या देऊ नयेत असं मुळीच नाही. पेशंटकडे पुन्हा पुन्हा पाहावं लागतं, इतकंच.

आणि तेच अवघड आहे. सर्जन मुंबईत, मानसोपचाराच्या गोळ्या पालघरहून, दोन फायली, दोन पिशव्या.

तेव्हा दोन्ही फायली दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवा, वास येतो का ते सांगा, आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद करू नका. रात्री-बेरात्री मन फारच खचलं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे.