पारदर्शक वाहक आणि स्याद्वाद

एकाच वस्तूत एकाच वेळी परस्परविरुद्ध धर्म राहू शकतात का, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद. जैनांचा स्याद्वाद सांगतो की राहतात, पण निरनिराळ्या अपेक्षेने. शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात त्यावर दोन आक्षेप घेतात: एकच वस्तू एकाच वेळी थंड आणि उष्ण असत नाही; आणि प्रत्येक विधानाला ‘कथंचित्’ (म्हणजे ‘एका अपेक्षेने’) चिकटवले, तर निश्चित ज्ञान उरतच नाही.

सिलिकॉनच्या सौरघटावरचा पारदर्शक वाहक लेप या वादाची बरी कसोटी ठरतो. हेटरोजंक्शन घटात स्फटिकी सिलिकॉनच्या वेफरवर अस्फटिकी सिलिकॉनचे काही नॅनोमीटरचे थर असतात. त्यांतून वीज आडवी जवळपास वाहतच नाही. ती चांदीच्या रेघांपर्यंत पोचावी म्हणून वर इंडियम टिन ऑक्साइडचा सुमारे 75 नॅनोमीटरचा लेप देतात. एवढ्या जाडीत तो परावर्तनही कमी करतो. घटाचा निळसर रंग त्यातूनच येतो. अडचण अशी, की धातू वीज वाहतो तो मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या बळावर आणि तेच इलेक्ट्रॉन प्रकाश परतवून लावतात. काच उजेड सोडते, वीज नाही.

या ऑक्साइडात टिनचे अणू इलेक्ट्रॉन पुरवतात, पण धातूच्या मानाने शंभरेक पटींनी कमी. त्यामुळे तो दृश्य प्रकाशाच्या अपेक्षेने काच, तर दूरच्या अवरक्ताच्या अपेक्षेने आरसा. शिवाय इथले ‘कथंचित्’ मोघम नाही, तरंगलांबी आकड्यात सांगता येते. आचार्यांचा दुसरा आक्षेप निदान या लेपापुरता लंगडा पडतो.

पहिला इतक्या सहज सुटत नाही. सिलिकॉन सुमारे 1100 नॅनोमीटरपर्यंतचा उजेड वापरते. इलेक्ट्रॉन वाढवले की वाहकता वाढते, पण 1000 नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड लेपच गिळू लागतो. तरंगलांबी तीच, इलेक्ट्रॉनही तेच. अपेक्षा बदलून इथे सुटका नाही. याला विरोध म्हणण्यापेक्षा ओढाताण म्हणणे योग्य, आणि तिच्याबद्दल स्याद्वादाला फारसे सांगायचे नाही. उपाय पदार्थातच शोधावा लागतो. हायड्रोजन मिसळलेल्या इंडियम ऑक्साइडात इलेक्ट्रॉन कमी असले तरी त्यांच्या वाटेतले अडथळेही कमी असतात. त्यामुळे वहन टिकते आणि अवरक्त उजेड खाली सिलिकॉनपर्यंत पोचतो.