गोणपाटावरची रिस्पा

रिस्पाची गोष्ट निघाली की ‘आईचं काळीज’ म्हणायचं आणि पुढे जायचं, ही प्रवचनांतली जुनी सवय. या कौतुकाला माझा विरोध आहे, कारण त्यात रिस्पाची थोरवी गायली जाते आणि दावीद राजा अलगद सुटतो. बायबलमधल्या शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला 21वा अध्याय उघडून पाहा. सलग तीन वर्षं दुष्काळ पडलेला. दावीदाच्या आधीच्या शौल राजाने शपथ मोडून गिबोनी लोकांना मारलं, त्याचं हे फळ, असा देवाचा कौल मिळतो. गिबोनी सोनंचांदी नाकारतात आणि शौलाच्या वंशातले सात पुरुष मागतात. दावीद ते देतो. शौलाचा मुलगा योनाथान याला दिलेल्या शपथेखातर त्याच्या मुलाला तेवढं वाचवतो. सातूच्या कापणीला सुरुवात होत असताना त्या सातांना डोंगरावर टांगलं जातं.

त्यांतले दोघे, अर्मोनी आणि मफीबोशेथ, रिस्पाचे. ती अय्याची मुलगी, शौलाची उपपत्नी. शौल गेल्यावर सेनापती अबनेर तिच्यापाशी गेला, असा आरोप शौलाचा मुलगा ईशबोशेथ करतो. त्या भांडणातून अबनेर दावीदाला जाऊन मिळतो. दोन घराण्यांच्या सत्तेचा काटा या बाईवरून फिरतो, पण तिला कुणी काही विचारत नाही. उरलेले पाच शौलाचे नातू. त्यांच्या आईचं नावसुद्धा पक्कं नाही: बहुतेक हिब्रू हस्तलिखितांत मीखल, काहींत मेरब; दोघी शौलाच्या मुली. मीखल तर निपुत्रिक मेली, असं याच पुस्तकात आहे. या पाचांचा बाप अद्रीएल, आणि त्याला दिली होती ती मेरब, म्हणून मेरबच खरी असावी. मेरबने जन्म दिला, मीखलने वाढवलं, अशी तोड तालमूदने काढली.

रिस्पा खडकावर गोणपाट पसरते आणि प्रेतांवर पाऊस पडेपर्यंत तिथून हलत नाही. हा नेहमीचा शरदातला पाऊस असेल, तर मधे पाच-सहा महिने जातात. दिवसा पाखरं, रात्री रानटी जनावरं; तिने झोपायचं केव्हा? आणि ती राखते सातही देह. पाच तर तिच्या पोटचे नव्हतेच. नुसतं ‘आईचं काळीज’ म्हटलं की हे पाच हिशेबातून गळतात. टांगलेलं प्रेत त्याच दिवशी पुरावं आणि बापाच्या पापासाठी मुलाला मारू नये, असं बायबलमधलं ‘अनुवाद’ हे पुस्तक सांगतं. राजाने मोडू दिलेला पहिला नियम ती एकटी खडकावर बसून आठवून देत होती.

यावर आक्षेप येईल की ती एक शब्दही बोलत नाही, मग हा अर्थ आणला कुठून? आक्षेप खरा आहे. तिच्या बसण्याला बंड म्हणावं असं मला वाटत होतं. पण मुक्या बाईच्या तोंडी आपलं भाषण घालणं हाही अन्यायच, म्हणून तो शब्द मी मागे घेतो. तिच्या मनात काय होतं ते जाऊ द्या, राजाने काय केलं ते तर लिहिलेलं आहे. तिची बातमी कानावर गेल्यावरच दावीद उठतो, याबेश-गिलादहून शौल आणि योनाथानाची हाडं आणतो, या सातांचीही गोळा करवतो. शौल-योनाथानाला सेला इथे शौलाचा बाप कीश याच्या कबरीत पुरलं जातं. आणि देशासाठी केलेली विनवणी देवाने ऐकली, हे वाक्य येतं ते या दफनानंतर. सात जीव घेतले तेव्हा ते आलेलं नाही. बळी पोचला आणि पाऊस पडला, असं सांगणाऱ्यांनी हा क्रम पाहिलेला नाही.

ती खडकावरून केव्हा उतरली, हे मात्र लिहिणाऱ्याने कुठेच नोंदवलेलं नाही.