परीक्षेपुरती गोळी

दुखण्यावर स्वतःच्या मनाने गोळ्या घेणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांनी त्या कधी बंद करायच्या हेही मनाशी ठरवलेलं असतं. ‘एवढी परीक्षा होऊ दे.’ या वाक्यात बेफिकिरी नाही, मुदत आहे. म्हणून ते बोलणाऱ्याला स्वतःलाही पटतं. अडचण अशी की संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या वेळापत्रकात ‘एवढी परीक्षा’ नावाची गोष्टच नाही. हिवाळी परीक्षेचे निकाल लागतात न लागतात तोच उन्हाळी परीक्षेचे अर्ज सुरू होतात. मध्ये प्रात्यक्षिकं, प्रकल्प, मागे राहिलेला एखादा विषय. पदवी पदरात पडली की स्पर्धा परीक्षा, नाहीतर पोलीस भरती. ज्या मुदतीच्या भरवशावर गोळी सुरू झाली, ती मुदत दर सहा महिन्यांनी पुढे सरकते. वऱ्हाडातल्या शेतकरी घरातल्या मुलाला हा व्यवहार अनोळखी नसावा. ‘या हंगामापुरतं’ काढलेल्या कर्जाचं दर वर्षी नवं-जुनं कसं होतं, हे त्याने घरीच पाहिलेलं असतं.

दुखणं खोटं नसतं, हे आधी मान्य केलं पाहिजे. अमरावतीच्या गाडगेनगरात किंवा अकोल्याच्या जठारपेठेत खोली करून राहणारी मुलं पलंगावर, भिंतीला टेकून, मांडीवर पुस्तक घेऊन आठ-दहा तास बसतात. मूर्तिजापूर किंवा दर्यापूरहून अप-डाऊन करणाऱ्यांची पाठ एस.टी.त आणि रेल्वेत आधीच आंबलेली असते. १९१४ पासून अमरावतीला व्यायामाचं गाव म्हणून ओळख देणाऱ्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या परंपरेतली मुलं आणि पहाटे मैदानावर धावणारी भरतीची मुलं गुडघे आणि पोटऱ्या धरून बसतात. मुलींच्या पाळीच्या दुखण्याला तर रजेचं कारण म्हणूनही मान नाही. आणि मेळघाटासह सगळ्या विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण आहेत. त्यांची वेदना कधी अचानक उसळेल याचा नेम नसतो. अशा वेळी ‘गोळ्या खाऊ नका’ हा उपदेश ज्याचं काही दुखत नाही त्यालाच सुचतो.

गोळी मिळते कशी, तेही पाहू. संध्याकाळी मेडिकलवर गर्दी असते. ‘भाऊ, मागच्या वेळेस देल्ली व्हती ना, तेच गोळी द्या. कंबर लय दुखून राह्यली.’ दुकानदार ड्रॉवर ओढतो, कात्रीने पट्टीतल्या चार गोळ्या कापतो, छोट्या कागदी पाकिटात टाकतो. त्या कात्रीच्या एका फटक्यात बरंच काही निघून जातं. औषधाचं पूर्ण नाव, मुदतीची तारीख, लाल चौकटीतला इशारा, सगळं दुकानात उरलेल्या अर्ध्या पट्टीवर राहतं. मुलाच्या हाती येते ती एक रंगाने ओळखायची गोळी. पुढच्या वेळी तो नाव सांगत नाही, रंग सांगतो.

कायदा या बाबतीत मुका नाही. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘शेड्यूल एच-१’ यादीत ट्रामाडॉल आणि अल्प्राझोलाम आहेत. ही औषधं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. लिहून देणारा डॉक्टर, रुग्ण आणि संख्या यांची वेगळी नोंदवही दुकानाने तीन वर्षं जपायची असते. एप्रिल २०१८ मध्ये ट्रामाडॉल अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेतही आलं. पण कायदा नोंदवहीवर चालतो आणि मेडिकल ओळखीवर.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा, कारण भीती बऱ्याचदा चुकीच्या गोळीची असते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, मेफेनॅमिक अ‍ॅसिड या जातीच्या औषधांची नशा चढत नाही आणि सवयही त्या अर्थाने लागत नाही. त्यांचा धोका जठराला आणि मूत्रपिंडाला आहे. उपाशीपोटी, भर उन्हाळ्यात, पाणी कमी पिऊन रोज घेतल्या तर तो वाढतो. आणि अकोल्याच्या एप्रिल-मेमध्ये, ऐन उन्हाळी परीक्षांच्या दिवसांत, पाणी कमी पडणं कठीण नाही. दुसरा प्रकार डोकेदुखीचा. साधी वेदनाशामकं महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस, आणि मिश्र किंवा अफूवर्गीय गोळ्या दहा किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या की गोळीच डोकेदुखीचं कारण होऊन बसते. डोकं दुखतं म्हणून गोळी आणि गोळीमुळे डोकेदुखी, अशी साखळी तयार होते. तिसरा प्रकार ट्रामाडॉल, टॅपेन्टाडॉल, कोडीन यांचा, आणि सोबत झोपेसाठी घेतलेल्या अल्प्राझोलामचा. यांत शरीर औषधाला सरावतं, तीच मात्रा अपुरी पडू लागते, आणि एकदम थांबवलं तर घाम, अंगावर काटा, जुलाब, पायांची तळमळ, निद्रानाश सुरू होतो. ट्रामाडॉलची मात्रा वाढली किंवा ते नैराश्यावरच्या काही औषधांसोबत घेतलं तर झटके येऊ शकतात. अल्प्राझोलाम अचानक सोडल्यानेही येऊ शकतात. म्हणून नियमित घेणाऱ्याने या गोळ्या एका रात्रीत निश्चयाने फेकून देणं हेदेखील स्वतःच्या मनाने केलेलं औषधपाणीच ठरतं. त्या डॉक्टरच्या देखरेखीखाली, हळूहळू कमी करायच्या असतात.

धोका इतका माहीत असूनही मुलं स्वतःला त्यात का धरत नाहीत? मराठी वाचकाच्या मनातली व्यसनाची प्रतिमा अजून १९८० च्या दशकातली आहे. अनिल अवचटांच्या ‘गर्द’ या पुस्तकाने ब्राऊन शुगरच्या विळख्यातली माणसं घराघरांत पोहोचवली, १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. ते काम मोठंच. पण त्या चित्रातला माणूस घरातली भांडी विकतो, पुलाखाली झोपतो. पहिल्या बाकावर बसून नोट्स काढणारा, आईला रोज फोन करणारा मुलगा त्या चित्रात स्वतःला शोधणार तरी कसा? एम्सच्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत हेरॉइन वापरणाऱ्यांचं प्रमाण १.१४ टक्के आढळलं, तर अफूवर्गीय औषधी गोळ्या-सिरप गैरवापराने घेणाऱ्यांचं ०.९६ टक्के. म्हणजे मेडिकलच्या काउंटरवरचा हा मार्ग गर्दच्या मार्गाहून फारसा अरुंद नाही.

त्या मार्गावर पाऊल नेमकं कधी पडतं? मात्रेच्या आकड्यावरून ते कळत नाही. ट्रामाडॉलसारखी गोळी वेदना तर कमी करतेच, पण काहींना तिने हलकं वाटतं, धास्ती ओसरते, रात्री बाराला पुस्तक पुन्हा उघडावंसं वाटतं. कंबरेसाठी घेतलेली गोळी उद्याच्या पेपरच्या भीतीवर लागू पडली, की तिचं काम बदललेलं असतं. मग कंबर दुखत नसलेल्या दिवशीही हात पाकिटाकडे जातो. सावध व्हायची वेळ तीच, पण त्या क्षणी सावध करणारं कुणी जवळ नसतं. दुखतं किती हे ठरवणारा, औषध निवडणारा, मात्रा वाढवणारा आणि ‘अजून सगळं आटोक्यात आहे’ असा निवाडा देणारा, चारही एकच माणूस असतो. आणि निवाडा देतानाही गोळी त्याच्या अंगात असते. स्वतःच्या मनाने औषध घेण्यातला खरा धोका मला इथे दिसतो. हुशार मुलगा यातून सुटत नाही. गूगलवर वाचून तो स्वतःची समजूत अधिक मुद्देसूदपणे घालू शकतो, एवढंच.

वेदना गप्प केल्याने काय हरवतं, हे अमरावतीला वेगळं सांगायला नको. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवनात कुष्ठरुग्णांसाठी वसाहत उभी केली. कुष्ठरोगात मज्जातंतू बधिर होतात. चटका बसला, खडा रुतला तरी कळत नाही, आणि न कळलेल्या जखमांनी बोटं जातात. वेदनेचा निरोप थांबला की शरीर राखणं किती अवघड होतं, याचा याहून ढळढळीत पुरावा नाही. गोळी तेवढी बधिरता आणत नाही, पण निरोप दाबते. विशी-पंचविशीत पाठ पहाटे जखडून येत असेल, विश्रांतीने न सुटता हालचालीने मोकळी होत असेल, तर तो अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस असू शकतो. गंमत अशी की या आजारात वेदनाशामकं छान लागू पडतात. मुलाला वाटतं, उपाय सापडला. निदान मात्र वर्षानुवर्षं लांबतं. दर महिन्याला मेफेनॅमिकवर पेपर देणाऱ्या मुलीच्या दुखण्यामागे एंडोमेट्रिओसिस असेल, तर तिचंही तेच होतं.

यावर आक्षेप येईल की मग सोसायचं का? नाही. सोसलेली वेदनाही अभ्यास, झोप आणि माणूस पोखरतेच. वेदनाशामकांच्या भीतीने आपल्या देशाने कर्करोगाच्या रुग्णांना वर्षानुवर्षं मॉर्फिनविना तळमळत ठेवलं. ती चूक सुधारण्यासाठी २०१४ मध्ये कायदा बदलावा लागला. सिकलसेलच्या विद्यार्थ्याला वेळेवर, पुरेसं आणि प्रसंगी प्रभावी वेदनाशामक मिळणं हा त्याचा हक्क आहे. पण या आजारात मूत्रपिंड आधीच नाजूक असतं, म्हणून कोणती गोळी आणि किती दिवस हे त्याने एकट्याने ठरवणं आणखी धोक्याचं. शिवाय हायड्रॉक्सियुरियासारखं वेदनेचे झटकेच कमी करणारं औषध मेडिकलवर रंग सांगून मिळत नाही, त्यासाठी रुग्णालयच गाठावं लागतं. प्रभावी औषध कुणाच्या तरी नजरेखाली घेणं आणि तेच औषध खोलीत एकट्याने घेणं, यांत गोळी तीच असली तरी जोखीम तीच राहत नाही.

तेव्हा तोलायचं असेल तर प्रश्न ‘घेऊ की नको’ असा मांडू नये. ‘माझ्याशिवाय हे कुणाला माहीत आहे’ असा मांडावा. तारीख, गोळीचं नाव, कशासाठी घेतली, एवढं वहीत लिहिलं तरी विसरलेले दिवस समोर येतात. ती वही रूममेटने पाहिली तर आणखी बरं, डॉक्टरने पाहिली तर उत्तम. अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात किंवा अमरावतीच्या इर्विनमध्ये दाखवायला सकाळ मोडते, तास बुडतात हे खरं. पण चिठ्ठी होते, नाव कळतं, पुढची तारीख मिळते. गोळी सुटत नाही असं वाटू लागलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे क्रमांक आहेत.

उरलेला भार विद्यार्थ्यावर टाकता येणार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतलं आहे. पण पाठदुखी, अर्धशिशी, पाळीचं दुखणं यांना परीक्षा विभागात कागदोपत्री अस्तित्व नाही. आजारी मुलासमोर दोनच वाटा असतात: पेपर द्या किंवा सहा महिने गमवा. शेतमजुरी करून हप्ते भरणाऱ्या घराला सहा महिने परवडत नाहीत आणि चार गोळ्या परवडतात. वैद्यकीय कारणाने चुकलेला पेपर महिन्याभरात पुन्हा देता आला, महाविद्यालयात आठवड्यातून एक दिवस डॉक्टर बसला आणि मेडिकलवरची एच-१ ची नोंदवही खरोखर तपासली गेली, तर यातली कित्येक पाकिटं विकलीच जाणार नाहीत. यासाठी नवं संशोधन लागत नाही आणि पैसाही फार लागत नाही. लागते ती विद्यार्थ्याच्या दुखण्यावर विश्वास ठेवण्याची तयारी, आणि ती आजवर आपल्या शिक्षणसंस्थांपेक्षा काउंटरपलीकडच्या माणसानेच जास्त दाखवली आहे.