बिनव्याजी गाय

ज्या कामातून कवडीचीही प्राप्ती नाही, ते माणसाने करावे की नाही? हा प्रश्न मला परवा रात्री साडेअकराला पडला. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर मी शेल स्क्रिप्ट लिहीत होतो. 'फॉर्च्यून'ने एक सुभाषित काढायचे, ते 'काउसे'च्या हवाली करायचे, की अक्षरांनी रेखाटलेली गाय ते बोलून दाखवते. दर तासाला नवे सुभाषित. बस्स!

"अहो, दूध देते का ती?" हिने विचारले.

"नाही. बोलते."

"मग झोपा!"

आम्ही पडलो कॉमर्सवाले. जमा नाही तर नावे, तिसरा रकानाच ठाऊक नाही. मी मनातल्या मनात बचाव रचला: लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली लिनक्स सुरू केले तेही हौसेखातरच, आज असंख्य सर्व्हर त्यावर चालतात! पण हा बचाव लबाडीचा. पुढे फायदा होईल म्हणून खेळाला परवानगी देणे म्हणजे खेळाकडेही तारण मागणेच की!

तोयोदा मासाशी या जपानी गृहस्थांनी १९९३ साली 'एसएल' लिहिले. 'एलएस' टाइप करताना बोटे चुकली, की पडद्यावरून वाफेचे इंजिन धावत जाते. ते जाईपर्यंत मुकाट बसायचे. चुकणाऱ्यावर खेकसण्याऐवजी त्याला आगगाडी दाखवायची, हे औदार्य कुठल्या रकान्यात मांडणार? मांडता येत नसेल, तर दोष आगगाडीचा नव्हे, खतावणीचा.

मी दिवा मालवला. अंधारात हिचा आवाज आला,

"पण काय म्हणाली हो तुमची गाय?"