बोललेला शब्द आणि टिपलेला शब्द

१८७६ सालीं ग्रॅहॅम बेल यांच्या दूरध्वनीनें मनुष्याचा शब्द दूर नेला. १८७७ सालीं एडिसन यांच्या फोनोग्राफनें तो राखून ठेविला. हीं दोन यंत्रें पुष्कळ काळ निराळीं नांदलीं. दूरध्वनी बोलणें पोंचवी आणि विसरून जाई. ग्रामोफोनच्या कर्ण्यापुढें गाणाऱ्यास मात्र आपला आवाज मागें राहणार हें ठाऊक असे. आज दोन्ही एकाच मोबाइलमध्यें येऊन बसलीं आहेत, आणि त्यांच्या या सहवासांतून एक प्रश्न उत्पन्न झाला आहे: ज्याच्याशीं आपण बोलत आहों, त्याला न सांगतां त्याचें बोलणें टिपून ठेवणें न्याय्य आहे काय?

खरें बोलणाऱ्यास भय कसलें, असें कित्येक विचारतात. परंतु या युक्तिवादांत बोलण्याचा स्वभावच विसरला जातो. पत्र लिहिणारा शाई वाळण्यापूर्वीं शब्द तोलतो. बोलणारा बोलतां बोलतां विचार करतो. रागाच्या भरांत एक वाक्य बोलून जातो आणि पुढच्या वाक्यांत तें मागें घेतो. ऐकणाराची स्मृति त्यांतलें सार ठेवील व बाकीचें सोडून देईल, या विश्वासावर त्याचा मोकळेपणा उभा असतो. न सांगतां तें टिपणें म्हणजे कागद न दाखवितां त्यावर सही घेणेंच होय.

तथापि दुसरी बाजू दुर्बळ नाहीं. लांच मागणारा अधिकारी किंवा धमकी देणारा सावकार साक्षीदार समोर बसवून बोलत नसतो. गरिबाला हें टिपणच काय तो आधार. मुंबईच्या एका कॉरोनरावरील लांचेच्या खटल्यांत, १९७२ सालीं, सर्वोच्च न्यायालयानें दूरध्वनीवरील टिपलेलें संभाषण पुराव्यांत घेतलें. निरपराध नागरिकाच्या संभाषणास संरक्षण आहे, पण तें अपराध्यासाठीं नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता. २०२५ सालीं त्याच न्यायालयानें पतिपत्नींच्या दाव्यांतहि गुप्तपणें टिपलेलें संभाषण ग्राह्य मानलें. मात्र एकमेकांवर पाळत ठेवण्याची पाळी आली, तेव्हां तो संसार आधींच मोडलेला असतो, असेंहि सुचविलें. न्यायालय पुरावा पाहतें. तो मिळवितांना कोणता विश्वास खर्चीं पडला, याचा हिशेब आपणांसच ठेवावा लागतो.

आमच्या एका स्नेह्यांनीं आपल्या वडिलांचीं फोनवरील बोलणीं, त्यांस न कळवितां, प्रेमानेंच सांठवून ठेविलीं होतीं. वडील गेल्यावर तो आवाज हाच त्यांचा ठेवा झाला. परंतु त्यांत एके ठिकाणीं त्यांच्या धाकट्या भावाविषयीं एक कठोर वाक्य आहे. तें पुसावें तर वडिलांचा तेवढा आवाज जातो. ठेवावें तर भाऊ एके दिवशीं तें ऐकेल. "दाराआड उभें राहून ऐकल्यासारखें वाटतें," असें ते आम्हांस म्हणाले. त्यांस दोष देण्यास आमची जीभ धजत नाहीं. पण त्यांच्या मनाची टोंचणीहि खोटी नाहीं.

आमच्या मतें कसोटी एकच: जें टिपलें तें त्या मनुष्यास उजळ माथ्यानें ऐकवितां येईल काय? अन्यायाविरुद्ध टिपलेलें बोलणें उघडें करण्यासाठींच असतें. तेथें अपराध्याच्या संतापाची पर्वा नको. आप्तांचें बोलणें मात्र विचारूनच ठेवावें. आयफोनमध्यें २०२४ सालीं संभाषण टिपण्याची सोय आली, ती उभयतांस तशी सूचना ऐकवूनच टिपूं लागते. यंत्रांत घातलेली ही रीत आपण घरांत पाळावी, इतकेंच आमचें मागणें आहे.